‘ओके’चा उगम आणि वक्त्यांची हजेरी

वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर कोणी लिहायचं, हे नियमावलीत स्पष्ट होतं. पुसायचं कोणी, याबद्दल मात्र नियमावली गप्प होती. त्यामुळे बाबा जाऊन महिना उलटला तरी फळ्यावर त्यांचं व्याख्यान ठरलेलंच होतं : ‘ओके’ या शब्दाचे अर्थ आणि उगम. खाली तारीख, वार, वक्त्यांचं नाव, आणि सगळ्यात शेवटी, खडू संपत आल्यासारख्या बारीक अक्षरात, ‘कार्यक्रम वेळेवर सुरू होईल’. हे शेवटचं वाक्य त्या फळ्यावर वर्षानुवर्षं होतं आणि आजवर एकदाही खरं ठरलं नव्हतं.

वाचनालयाचे सेक्रेटरी घरी आले ते सांत्वनाला. तसे ते एकदा येऊन गेले होते, पण तेव्हा गर्दी होती आणि त्यांना बोलायला मिळालं नव्हतं. न बोलता परतणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. चहा झाला. बाबा किती सरळमार्गी होते हे त्यांनी सांगितलं, ओघात स्वतः किती सरळमार्गी आहेत हेही सांगितलं, आणि मग पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेत मुद्द्यावर आले. व्याख्यान रद्द करायला कोणाचीच हरकत नव्हती. पण रद्द करायचं म्हणजे वहीत कारण नोंदवायचं, आणि छापील वहीत कारणं दोनच होती : ‘पाऊस’ आणि ‘वक्ते गैरहजर’.

“पाऊस म्हणावा, तर आभाळ कोरडं,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. अजूनही थोडी आशा असावी तसे.

आई महिनाभर फारसं बोललीच नव्हती. तिने कप खाली ठेवला.

“अख्ख्या नोकरीत त्यांची एक गैरहजेरी नाही. अंगात ताप घेऊन गेलेत. आणि आता तुम्ही वहीत गैरहजर लिहिणार?”

“वहिनी, मी कुठे लिहितोय? रकानाच तसा आहे.”

“मग व्याख्यान होईल,” आई म्हणाली. “ही करेल.”

ही म्हणजे थोरली मुलगी, एरवी वेगळी राहणारी, बाबा गेल्यापासून आईजवळ आलेली. ती तेव्हा बिस्किटांची बशी घेऊन दारात उभी होती. आई कोणाबद्दल बोलतेय हे बघायला तिने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

थोरली एका प्रकाशकाकडे दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढायच्या कामाला होती. या कामात माणसाचा स्वतःबद्दल हळूहळू एक गैरसमज होतो, की आपल्याला सगळं येतं, फक्त अजून कोणी विचारलेलं नाही. दोन अक्षरांचा तर शब्द, तिने मनाशी म्हटलं. बाबांची टिपणं असतीलच. ती नीट लावायची, वाचून दाखवायची, आणि वहीतल्या त्या दुष्ट रकान्यापासून बाबांना वाचवायचं. दोन संध्याकाळींचं काम. मध्यमवर्गीय घरातलं प्रत्येक मोठं संकट ‘दोन संध्याकाळींचं काम’ याच नावाने आत शिरतं, हे तिला पुस्तकं वाचून माहीत असायला हवं होतं.

पहिली ठेच अर्जाची. वक्ता बदलायचा तर बदलाचा अर्ज हवा, आणि अर्जावर मूळ वक्त्याची सही. थोरलीने अत्यंत सौम्य शब्दांत यातली अडचण सांगितली. सेक्रेटरींना ती पटली. ते स्वतःही गहिवरले. पण समितीने नियम केला तेव्हा वक्ते ऐनवेळी पळ काढतात एवढीच शक्यता धरली होती. नियम बदलायला समितीची सभा हवी, आणि सभा व्याख्यानानंतर. तेव्हा तोडगा असा निघाला की फळ्यावरचं नाव तसंच राहील, व्याख्यान कागदोपत्री बाबांचंच असेल आणि थोरली त्यांची सहाय्यक. सहाय्यकाला नियमाप्रमाणे माईक मिळत नाही, पण तेवढ्याकडे सेक्रेटरी काणाडोळा करणार होते. त्यांनी हे अशा आवाजात सांगितलं, की आपण कुठल्या तरी कटात सामील झालो आहोत असं थोरलीला वाटलं.

आता बाबांना या शब्दाचं वेड लागलं कसं, हे सांगायला हवं. बाबा छताचे पंखे बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. लाईनवरचं शेवटचं टेबल त्यांचं. पंखा जोडून यायचा, आकड्याला टांगला जायचा, चालू व्हायचा, आणि बाबा डोळे मिटून ऐकायचे. पंख्याला कान असतात की नाही माहीत नाही, पण बाबांसमोर तो जरा दबूनच फिरतो, असं त्यांचे सोबती म्हणत. आवाज मनासारखा लागला की बाबा म्हणत, “हं.” मग शिक्का उचलून पंख्याच्या पोटावर मारत : ओके. तोंडाने हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. तो शिक्क्याचा शब्द होता, माणसाचा नव्हे. घरीसुद्धा त्यांची सगळ्यात मोठी दाद म्हणजे ‘हं’. थोरली पहिली आली तेव्हा ‘हं’, धाकट्याला परदेशात नोकरी लागली तेव्हा ‘हं’. लग्नानंतरच्या आपल्या पहिल्या स्वयंपाकाला दोनदा ‘हं’ मिळालं होतं, असं आई सांगे. पण त्याला साक्षीदार नव्हता.

निवृत्तीनंतर त्यांच्या मनात आलं, की जन्मभर जो शब्द आपण दुसऱ्यांच्या पोटावर मारला, तो आहे तरी कोणाचा? या विचाराला खतपाणी घातलं धाकट्याने. बाबांनी त्याला लांबलचक निरोप पाठवावा, त्यात आईचा गुडघा, बदललेला नळ, शेजाऱ्यांचा नवा सोफा जिन्यात कसा अडकला, आणि तू कधी येतोस. आणि तिकडून उत्तर यावं, ‘ओके’. बाबा ते चष्मा लावून वाचत, मग चष्मा काढून वाचत. याचा अर्थ ‘वाचलं’, की ‘बरं’, की ‘येतो’, की ‘आता पुरे’? कारखान्यात एका शिक्क्याचा एकच अर्थ होता. इथे पोराने गुडघा, नळ आणि सोफा सगळ्यांवर मिळून एकच शिक्का मारला होता, आणि तोही कशावर कान न देता.

थोरली टिपणं शोधायला बसली. कपाटात जुन्या इस्त्रीचं हमीपत्र सापडलं. इस्त्री केव्हाच निवर्तलेली. फ्यूजच्या तारा सापडल्या, चष्मा नसलेली चष्म्याची घरं सापडली, आणि एक किल्ली, जिचं कुलूप घरात कोणी पाहिलेलं नव्हतं. टिपण म्हणून एक चिटोरंही नाही.

“लिहून ठेवायचे नाहीत ते,” आई म्हणाली. “सांगत फिरायचे. थोडं इथे, थोडं तिथे.”

“कोणाला?”

“कोणाला नाही, ते विचार.”

थोरली आधी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेली. बेकरीवाल्याने गिऱ्हाईक थांबवून ठेवलं, हातावरचं पीठ झटकलं आणि आवाज खाली आणला. पूर्वी लढाईच्या काळात सैन्याला बिस्किटं जायची. ती भाजणारा आपल्या नावाची दोन अक्षरं प्रत्येक बिस्किटावर उठवायचा, ओ आणि के. बिस्किट नेहमी उत्तम, म्हणून जे जे उत्तम ते ओके. थोडक्यात, जगाला हा शब्द बेकरीने दिला. हे बाबांनी आपल्याला एकट्यालाच सांगितलं होतं, असंही तो म्हणाला, आणि ते सांगताना त्याने मान खाली घातली. थांबवून ठेवलेल्या गिऱ्हाइकानेही मान खाली घातली.

थोरली खूश होऊन परतली. पहिल्याच खेपेला घबाड. पण जिन्याशी तळमजल्यावरच्या फौजींनी तिला गाठलं. ते सैन्यातून निवृत्त होते आणि इमारतीत कोण कुठून येतंय हे त्यांना कळावं अशी त्यांची खुर्ची होती. बिस्किटांची हकीगत ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, की हे बिस्किटवाल्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं का. मग तिला बसवून घेतलं. तुकडी परत आली की छावणीतल्या फळ्यावर लिहीत, आज किती पडले. ज्या दिवशी कोणीच पडलं नाही, त्या दिवशी शून्य, आणि पुढे ‘मारले गेले’ यासाठीच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर, के. शून्य लिहिता येतं त्या दिवसाला ओके म्हणतात, फौजींनी सांगितलं. मग म्हणाले की बेकरीवाल्याने भट्टीकडे लक्ष द्यावं. आणि हो, ही गोष्ट बाबांनी फक्त त्यांना सांगितली होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंकडे थोरली लहानपणी शिकायला होती. बाईंच्या मते ती अजूनही होती. त्यांनी आधी तिला ताठ बसायला लावलं. हा शब्द मुळात ग्रीक गुरुजींचा, त्या म्हणाल्या. पेपर निर्दोष असला की गुरुजी वर दोन शब्द लिहायचे, ‘ओला काला’, म्हणजे सगळं छान. त्यांची आद्याक्षरं ती ही. बाबांनी हे त्यांना एकट्यांना सांगितलं, कारण समजण्याची पात्रता इमारतीत दुसऱ्या कोणाची नव्हती. आणि सेक्रेटरींकडे माईकची चौकशी करायला गेल्यावर त्यांनी दार लोटून घेऊन सांगितलं, की हा शब्द खरा निवडणुकीतला. एका उमेदवाराला त्याच्या गावावरून टोपणनाव पडलं होतं, त्याची ही आद्याक्षरं. समर्थकांनी त्याच नावाचं मंडळ काढलं. उमेदवार पडला, पण शब्द निवडून आला. सेक्रेटरी स्वतः या पदाच्या निवडणुकीत एकदा पडले होते. बाबांनी हे मुद्दाम त्यांनाच सांगावं यात नवल नव्हतं.

सल्लेही आले. बेकरीवाल्याचं म्हणणं, सुरुवातीलाच काहीतरी खायला द्यावं. तोंड भरलेलं माणूस उठून जात नाही. फौजींच्या मते पाय जुळवून, समोरच्या भिंतीवरचा एक खिळा धरून बोलावं. बाईंनी शेवटी तोंडी परीक्षा घ्यावी असं सुचवलं. सेक्रेटरी म्हणाले, काहीही बोला, फक्त मध्येच थांबू नका. वक्ता आटोपायच्या आधी खाली उतरला तर वहीत ‘अपूर्ण’ लिहावं लागतं. ‘गैरहजर’ टाळता टाळता हे नवंच संकट उभं राहिलं.

थोरलीने वाचनालयातून जाड शब्दकोश काढले. तिची खात्री होती की चौघांपैकी एक तरी खरा निघेल. एकही निघाला नाही. बिस्किटं, लढाई, ग्रीक गुरुजी, सगळ्यांना कोशकारांनी पुराव्याअभावी घरी पाठवलं होतं. टोपणनावाच्या उमेदवाराने शब्द गावोगाव पोचवला हे खरं, पण त्याच्या आधीच तो जन्मलेला होता. खरा उगम अगदीच किरकोळ होता, वर्तमानपत्रातल्या एका पांचट विनोदाचा. तिने तो दोनदा वाचला आणि पुस्तक मिटलं. बाबांनी हे पुस्तक वाचलेलं होतं. पानात त्यांची बसची तिकिटं होती. मग सगळ्यांना त्यांनी वेगवेगळ्या बनावट गोष्टी का सांगितल्या? चेष्टा करण्याचा तर त्यांचा स्वभाव नव्हता.

बेकरीवाल्याला तिने हे जमेल तितक्या मऊपणे सांगून पाहिलं. तो रागावला नाही. त्याने तिच्याकडे कालच्या पावाकडे बघावं तसं बघितलं.

“तुमच्या पुस्तकात असेल. पण मला त्यांनी स्वतः सांगितलंय. तुम्हाला काय सांगितलं होतं?”

थोरली पाव घेऊन घरी आली. तिला काहीच सांगितलं नव्हतं. दर रविवारी फोनवर ती विचारायची, व्याख्यान कुठवर आलं? बाबा म्हणायचे, “चाललंय. तुझ्याकडे पाणी नीट येतं ना?” बेकरीवाल्याला, फौजींना, वर सेक्रेटरींनासुद्धा एकेक गोष्ट वाटली होती. पुस्तकांत जन्म घालवलेल्या मुलीला मात्र पाण्याची चौकशी. तिने पाव जरा जोरात कापले. नंतर बसून तिने तळटिपांसकट एक लेख लिहिला. त्यात सगळ्या खोट्या व्युत्पत्तींचा नायनाट होता. इतका निर्दोष लेख तिने आयुष्यात लिहिला नव्हता, आणि तो वाचून तिला जराही बरं वाटलं नाही.

व्याख्यानाच्या दिवशी ती सभागृहात पोचली तेव्हा मंचावर एक दाढ होती. पडदाभर मोठी, गुलाबी हिरडीसकट. दुपारपर्यंत तिथे दंतचिकित्सा शिबीर होतं, ते उद्याही होतं, आणि फलक उतरवून पुन्हा चढवणं दातांच्या डॉक्टरांना मंजूर नव्हतं. दाढेखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कीड वेळीच ओळखा’. थोरली माईकपाशी उभी राहिली की हे वाक्य नेमकं तिच्या डोक्यावर येत होतं. शिवाय शिबिरातले काही रुग्ण, अजून अर्धा जबडा बधिर, हा पुढचा उपचार आहे अशा समजुतीने खुर्च्यांवर तसेच बसले होते. गर्दी चांगली दिसत होती हे खरं.

बाईंनी आपले सगळे विद्यार्थी हजेरी घेऊन आणले होते. फौजींनी स्वतःचा फळा आणला होता आणि त्यावर एक मोठं शून्य काढून ठेवलं होतं. बेकरीवाला पुरावा घेऊन आला होता : ओ आणि के उठवलेली बिस्किटं, परातभर. भट्टीत मात्र ‘ओ’ फुगून मिटून गेला होता आणि ‘के’ पाय पसरून बसला होता. आई पहिल्या रांगेत होती. तिने शेजारच्या खुर्चीवर आपली छत्री आडवी ठेवली होती आणि कोणालाही तिथे बसू देत नव्हती. एका दाढदुखीवाल्याला तर तिने नजरेनेच उठवलं. सभागृहातले पंखे बाबांच्याच कारखान्यातले. बाबा इथे आले की आधी वर बघायचे, मग माणसांकडे. थोरलीनेही सवयीने वर पाहिलं, आणि लगेच कागद चाळायला घेतले.

माईकने एक किंकाळी फोडली. थोरलीने खिळा धरला आणि वाचायला सुरुवात केली.

“या शब्दाच्या उगमाविषयी समाजात अनेक गैरसमज आहेत.”

‘गैरसमज’ म्हटल्याबरोबर तीन डोकी वर झाली. दुसऱ्या परिच्छेदात बिस्किटांचं खंडन आलं तसा बेकरीवाला परात घेऊन उठला आणि पुरावा रांगारांगांतून फिरवू लागला. फौजी म्हणाले, खंडन योग्यच आहे, पुढे चला. पुढे शून्याचं खंडन होतं. फौजींनी मग आपल्या फळ्याला पाठ लावून ठाण मांडलं. बाईंनी बसल्या जागेवरून तिला तिसऱ्या ओळीतला उच्चार सुधारायला सांगितला. कोणी म्हणालं, वडिलांच्या व्याख्यानात वडिलांनाच खोटं पाडणारी मुलगी पहिल्यांदा बघतोय. हे म्हणणारा अर्ध्या जबड्याने बोलत होता, त्यामुळे ते तीनदा सांगावं लागलं, आणि तिन्ही वेळा सगळ्यांनी ऐकलं. थोरलीचे कान तापले. दाढेखाली उभं राहून माणसाने आपला मान राखणं मुळातच अवघड, त्यात तळटिपा. तिने पुढचं पान काढलं, ते मागचं निघालं. सेक्रेटरींनी खिशातून पेन काढून वही उघडली.

तेव्हा आई उठली. तिने छत्री उचलली आणि मोकळ्या खुर्चीवर हात ठेवला.

“तू खाली ये. ही तुझी जागा आहे.”

“आई, खाली आले तर ते अपूर्ण लिहितील.”

“तू वर आहेस म्हणूनच अपूर्ण आहे. ही खुर्ची त्यांनी तुझ्यासाठी धरून ठेवायला सांगितली होती. त्या दिवशी ‘गैरहजर’ ऐकलं आणि रागाच्या भरात मीच तुला वर चढवलं.” आई माईकशिवाय बोलत होती, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं. “कारखान्यात शेवटच्या टेबलावरच्या माणसाला आधी सुटे भाग दाखवत नाहीत. पाती कोणी घडवली, गुंडाळी कोणी केली, काही सांगायचं नाही. नाहीतर मन आधीच तयार होतं, कान नीट ऐकत नाहीत. यांना सगळ्यांना त्यांनी एकेक भाग तपासायला दिला होता. शेवटचं टेबल तुझं होतं. तुला कसं सांगतील?”

थोरली मंचावरून उतरली. उतरताना तिने कागद दाढेपाशी ठेवले. ते पुन्हा तिला आठवलेच नाहीत. ती खुर्चीवर बसली आणि फौजींनी, न सांगता, तिला बसायला जागा नीट आहे ना हे बघून घेतलं.

मग आईने लाईन चालू केली. दुसरा शब्द नाही त्याला. बेकरीवाल्याला बोलावलं, त्याने बिस्किटांची गोष्ट सांगितली. आता भांडायला कोणी नसल्यामुळे ती फार छान सांगितली. फौजींनी शून्य सांगितलं, आणि परातीतलं बिस्किट हातात घेतलेल्या माणसाने ते पुन्हा परातीत ठेवलं. बाईंनी ग्रीक गुरुजी सांगितले आणि विद्यार्थ्यांकडून ‘ओला काला’ एका सुरात म्हणवून घेतलं. सेक्रेटरींना वही सोडवेना; शेवटी ती बगलेत धरून त्यांनी उमेदवाराचा पराभव सांगितला, इतक्या मनापासून की कोणीतरी त्यांना पाणी नेऊन दिलं. प्रत्येकाने सांगितलेली गोष्ट बाबांच्या तोंडची होती. बेकरीवाला ‘म्हणजे असं बघा’ म्हणाला तेव्हा थोरलीच्या लक्षात आलं, की हे ‘असं बघा’ बेकरीतलं नव्हे, ते आपल्या घरातलं.

सगळ्यांचं झाल्यावर आईने पदराला हात पुसले, स्वयंपाकघरात पुसते तसे.

“मला शेवटचा भाग दिला होता,” ती म्हणाली. “हे सगळे भाग खोटे आहेत, हे त्यांना माहीत होतं. पण ते म्हणायचे, खोट्या गोष्टी आधी नीट मानाने सांगून घ्यायच्या. एवढ्या लोकांना हा शब्द आपला वाटावा, यातच त्याचं मोल आहे. आणि खरी गोष्ट एकटी सांगितली तर फार बारकी दिसते.”

खरी गोष्ट तिने अशी सांगितली. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रवाल्यांना एके काळी खोड लागली होती. शब्द मुद्दाम चुकीचे लिहायचे, आणि त्या चुकीच्या शब्दांची आद्याक्षरं घेऊन आपापसांत हसायचं. तसंच कोणीतरी ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सगळं बरोबर’, हे दोन शब्द मुद्दाम अशुद्ध लिहिले, ‘ए’च्या जागी ‘ओ’ आणि ‘सी’च्या जागी ‘के’, आणि त्यांची आद्याक्षरं घेतली, ओ आणि के. बाकीचे विनोद आठवडाभरात मेले. हा एक राहिला, आणि जगभर गेला.

“मी म्हटलं, एवढंच? ते म्हणाले, एवढंच. मग म्हणाले, अगं, म्हणजे मी जन्मभर ‘सगळं बरोबर’ म्हणून शिक्का मारत होतो, आणि त्यातली दोन्ही अक्षरं चुकीची.” आई थांबली. “इतके हसले, इतके हसले की चहा सांडला माझ्या धुतलेल्या चादरीवर. डाग अजून आहे.”

आधी फौजी हसले, आणि मग कोणाला आवरेना. शिबिरातले रुग्ण अर्ध्या तोंडाने हसत होते आणि दुसरं अर्धं हाताने धरत होते. दातांचे डॉक्टर दारात उभे राहून त्यांना तोंड फार उघडू नका म्हणून सांगत होते आणि स्वतः हसत होते. थोरलीही हसली. महिन्याभरात पहिल्यांदा, आणि बरंच मोठ्याने.

गर्दी पांगायच्या आत सेक्रेटरी वही घेऊन पुढे आले. त्यांचा चेहरा पुन्हा पदावर आला होता. व्याख्यान झालं यात शंका नव्हती, पण रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. पेन ‘वक्ते’ या शब्दापुढे येऊन थांबलं. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने थोरलीकडे पाहिलं.

“शेवटचं टेबल तिचं,” ती म्हणाली.

थोरलीने डोळे मिटले. मागे बेकरीवाला म्हणत होता, विनोद असेल वर्तमानपत्राचा, पण बिस्किट आधीचं. फौजी त्याला म्हणत होते, आण ते तुझं बिस्किट, बघू. बाई कोणाला तरी ताठ चालायला सांगत होत्या. कुठेतरी एका बाजूने बिस्किट चावल्याचा आवाज येत होता. आणि या सगळ्यावर पंखा, एका लयीत. तिने कान देऊन ऐकलं. कुठेही घासत नव्हतं.

“हं,” ती म्हणाली.

“म्हणजे काय लिहू?” सेक्रेटरींनी विचारलं.

“हजर लिहा,” आई म्हणाली.

त्यांनी वळणदार अक्षरात ‘हजर’ लिहिलं, शाईवर फुंकर घातली, आणि पान उलटता उलटता ते थबकले. मग फार ओशाळून, जवळजवळ कानात सांगावं तसं म्हणाले, “वहिनी, एक राहिलं. वक्ते हजर असले की त्यांची सही लागते.”

थोरलीने आईचा हात धरला. पण आईला काही होत नव्हतं. तिने छत्रीचं टोक वर केलं आणि डोक्यावरचा पंखा दाखवला.

“बंद करा तो जरा. पोटावर आहे बघा.”

बेकरीवाल्याने बटण दाबलं. पंखा सावकाश, सावकाश थांबला. धुळीखाली शिक्का होता, फिकट, किंचित तिरका. सेक्रेटरींनी चष्मा लावून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. सही दंडगोलाकार वस्तूवर असू नये असा काही नियम त्यांना आठवेना. तेव्हा त्यांनी मान वर करून, खाली करून, जसा दिसला तसा, किंचित तिरकाच, तो सहीच्या जागी उतरवून घेतला.